ओहळापार न गेलेली हाक

आमच्या पडवीत तेव्हा एक भोंगा टांगलेला असायचा. कोंबड्यांच्या शेडमध्ये गरमी फार वाढली की तो कोकलतो, त्यासाठीच आणलाय. त्या दुपारी तो गप्प होता, म्हणून मी निवांत होते. डोक्यावर पंखा फिरत होता आणि मी वालाच्या शेंगा सोलत बसले होते. आता तो गप्प असला तरी मला भरवसा वाटत नाही. उन्हाळ्यात मी दिवसातून कितीदा त्याच्याकडे बघते ते सांगितलं तर हसाल.

पण आधी शेडचं सांगते, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. किन्हवलीच्या पुढे आमची वाडी. घराच्या मागे माझी जुनी शेड आहे, लहानशी. मी शाळेत फारशी गेले नाही, आणि कोंबड्या पाळायलाही कोणाकडून शिकले नाही, त्यांच्याच मागे फिरून शिकले. मग सून आली. माहेर मुरबाडकडचं, बारावी झालेली, हाताला चटपटीत. तिने ओहळाच्या पलीकडे, आमच्या वरकस, म्हणजे भात न होणाऱ्या जमिनीवर, मोठी शेड बांधून घेतली. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, आपण वाढवायची, मोठी झाली की ते गाडी आणून घेऊन जातात. मुलगा भिवंडीला गोदामात कामाला. त्याचं म्हणणं होतं की तिथेच खोली घ्यावी, तिनेही तिथेच नोकरी करावी. खूप भांडणं झाली. शेवटी ठरलं असं, की ही पहिली बॅच नीट निघाली तर शेड चालवायची. पक्षी मेले आणि कंपनीने पुढची पिल्लं नाकारली, तर शेडला कुलूप आणि सुनेने भिवंडीला जायचं.

मला ती जायला नको होती. आता ती घरात असते म्हणून सांगते, ती नसली की या घरात भिंतीशी बोलावं लागतं मला. पण माझ्यापेक्षाही तिला ती शेड हवी होती. रात्री उठून पिल्लांवर हात फिरवून यायची. मी म्हणायची, "पोरं झाली नाय तोवर इतकी जागू नको गो, मग जागायचंच हाय." ती म्हणायची, "आई, हीच माझी पोरं, तुमी झोपा."

तर त्या दुपारी सून मुरबाडला गेली होती, पक्ष्यांना उन्हाळ्यात पाण्यातून द्यायचं औषध आणायला. पक्षी मोठे झाले होते, गाडी यायला थोडेच दिवस राहिले होते. मोठा पक्षी उन्हाला फार हळवा. अंगावर मांस, पिसं, घाम येत नाही, नुसता चोच उघडून धापा टाकतो. पंखे बंद पडले की बघता बघता मान टाकतो. म्हणून तर तिने त्या शेडमध्ये गरमी मोजणारी डबी बसवली होती. माझ्या शेडमध्ये तसलीच एक डबी आधीपासून आहे. गरमी वाढली की डबी ओरडते, तिची हाक वायफायवरून जाते, पाण्याचे फवारे सुरू होतात आणि भोंगा कोकलतो. सिमकार्डावरून मोबाईलला निरोप देणारी महागडी डबीही मिळते म्हणे, पण आमच्या माळावर मोबाईलला रेंज कुठली? भोंगा बरा.

नवी डबी आणली तेव्हा आम्ही ती घरातच तपासली होती. मी भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं, सुनेने डबीची शेपटी, म्हणजे गरमी मोजणारी वायर, वाफेवर धरली, आणि भोंगा असा कोकलला की मांजर माळ्यावर पळालं. झालं. पास. मग डबी नेऊन पलीकडच्या शेडमध्ये लावली. तिकडे घरचं वायफाय पोचत नव्हतं, म्हणून सुनेच्या माहेरच्या ओळखीतल्या एका वायरवाल्याने नळीतून वायर नेऊन तिकडे दुसरा राउटर बसवून दिला होता. तिकडे उभं राहून फोनवर व्हिडिओ दिसायचे, मुलाशी बोलता यायचं. सगळं चालतंय म्हटल्यावर डबीही चालतेयच असं आम्ही धरून चाललो.

शेंगा सोलून होत आल्या तेव्हा कुत्रं भुंकलं. ओहळापलीकडच्या वरच्या पाड्यातली शेरडं राखणारी बाई बांधावरून येताना दिसली. माझ्याहून थोडी लहान, काटक, कधी घाई न करणारी. ती त्या दिवशी लुगडं वर खोचून झपाझप येत होती. काहीतरी घडलंय हे मला कळलंच.

अंगणात येऊन तिने धाप आवरली आणि म्हणाली, "बाये, तुझ्या सुनेच्या कोंबड्या तोंडं उघडून पडल्यात. पंखे फिरत नाय. लाल दिवा मिचमिच करतो."

"पंखे फिरत नाय? इथं तर लाइट हाय!"

"इथं असंल. तिथं नाय."

मी उठले ती तशीच धावले. पायात चप्पल होती का नव्हती, आठवत नाही. नंतर कळलं, तीन तारांपैकी एका तारेची वीज, म्हणजे एक फेज, गेला होता. घरातले दिवे-पंखे एकाच फेजवर असतात, आमचा फेज शाबूत, म्हणून मी गार वाऱ्यात शेंगा सोलत होते. शेडचे मोठे पंखे आणि फवाऱ्याची मोटर तीन फेजवर, ती सगळी एकदम बंद; तिथली डबी आणि राउटर मात्र आमच्याच फेजवर, म्हणून चालू.

ओहळात पाणी नव्हतं, दगड तापले होते. पलीकडे पोचले तेव्हा शेडमधून आवाज येत नव्हता, आणि तेच सगळ्यात वाईट. हजारो कोंबड्या असल्या की कलकलाट असतो. तिथे नुसती धाप ऐकू येत होती, एकदम सगळ्यांची, भाता चालावा तशी. उन्हासाठी सोडलेले गोणपाटाचे पडदे खालीच होते आणि आत भट्टी झाली होती. खांबावरची डबी लाल दिवा मिचकावत ओरडत होती, म्हणजे तिच्या परीने ओरडत होती. कोणाला ऐकू जात नव्हतं.

आम्ही दोघी. तिने पडदे ओढायला घेतले, मी पिंपातलं पाणी लोट्याने उडवायला. पक्ष्यांमधून चालत राहायचं, बसलेल्याला उठवायचं, म्हणजे पोटाखाली हवा जाते. एका बाजूचे उठवले की दुसऱ्या बाजूचे बसायचे. मी रडत होते आणि पाणी उडवत होते. कोपऱ्यात तर ढीगच झाला होता एकमेकांवर.

मध्येच मी तिच्यावर ओरडले, "अगो, तिकडूनच हाळी का नाय मारलीस? एवढा वळसा घालून आलीस!"

पडदा बांधता बांधता ती थांबलीच. "ओहळापार हाळी? मयत झालंय का कुणाचं?"

बरोबर होतं तिचं. आमच्याकडे पद्धतच आहे. पाड्यात काय हवं ते ओरडा, वाडीत काय हवं ते ओरडा. पण ओहळाच्या काठावर उभं राहून पलीकडे हाळी फक्त मयताची मारतात. ती ऐकली की हातातलं काम टाकून लोक निघतात. बाकी काही सांगायचं तर पायी जायचं आणि ज्याला सांगायचं त्याच्या दारात जाऊन त्याला सांगायचं. मी स्वतः या घरात आल्यापासून तेच पाळलंय. तिला कोणत्या तोंडाने बोलणार?

लाइट आली, पंखे फिरले. सून संध्याकाळी आली तेव्हा मेलेले पक्षी आम्ही बाहेर काढून ठेवले होते. पुष्कळ होते. तिने हातातली औषधाची पिशवी खाली ठेवली. शेडच्या दारात बसली आणि एकेका पक्ष्याकडे बघत राहिली. मग एवढंच विचारलं, "भोंगा वाजला नाय?"

"नाय गो."

"मी बसवला होता ना?"

"बसवला होतास."

कंपनीच्या सुपरवायझरने दुसऱ्या दिवशी येऊन पाहणी केली. माणूस वाईट नव्हता, पण त्याने स्पष्ट सांगितलं, एवढी मर चालते, उन्हाळा आहे. आणखी एकदा असं झालं तर पुढची पिल्लं मी देऊ शकणार नाही. तिकडून मुलाचा फोन. "सांगितलं होतं ना मी?" सुनेने फोन माझ्या हातात दिला आणि शेडमध्ये निघून गेली. त्या दिवसापासून ती तिथेच बसू लागली. जेवण तिथे, झोप तिथे. डोळे खोल गेले. पण माणूस किती दिवस असं बसणार? बाजार आहे, औषध आहे, अंघोळ आहे.

वायरवाल्याला बोलावलं. तो मुरबाडहून मोटरसायकलवर आला, पन्नाशीचा, पानाने तोंड लाल. त्याने डबी उघडली, फोनवर काहीबाही बघितलं आणि म्हणाला, "डबी चांगली हाय, भोंगा चांगला हाय, राउटर पण चांगला हाय."

सून तडकली. "दादा, मग माझ्या कोंबड्या कशानं मेल्या? चांगुलपणानं?"

तो वरमला. पान थुंकून आला आणि आमच्या समोर बसला. म्हणाला, "बघा मावशी. ही डबी ओरडते ती कुणाचं नाव घेऊन नाय ओरडत. 'जो ऐकत असेल त्यानं ऐका, गरमी झालीये' अशी सगळ्यांना मिळून हाक मारते. तुमच्या घरात तपासली तेव्हा डबी नि भोंगा एकाच राउटरच्या घरात होते, ऐकू गेली. आता मधे दुसरा राउटर आला. इकडची सगळी यंत्रं एका वस्तीची, तिकडची दुसऱ्या वस्तीची. राउटर बसलाय शीवेवर. त्याला पत्ता घालून निरोप दिला, की अमक्या नंबरला पोचव, तर पोचवतो. म्हणून फोन चालला. पण सगळ्यांना म्हणून मारलेली हाक तो पलीकडं देत नाय. तिथंच मरते ती."

"का नाय देत?" मी विचारलं.

"दिली तर कसं होईल? प्रत्येक यंत्र दिवसभर ओरडतच असतं. टीव्ही ओरडतो, फोन ओरडतो, 'मला नंबर द्या रे', 'अमक्या नंबरचा कोण हाय रे'. प्रत्येक राउटरनं प्रत्येक हाक पुढं ढकलली तर साऱ्या जगाचा गोंगाट तुमच्या पडवीत येईल. मग खऱ्या निरोपाला जागाच राहणार नाय."

मी शेरडंवालीकडे बघितलं. ती पडवीच्या पायरीवर तंबाखू चोळत ऐकत होती. म्हणाली, "मग शाणा हाय की तो."

सुनेला हसू आलं नाही. "तो शाणा असू दे. माझी हाक गोंगाट हाय का? त्याला सांगा, माझी तेवढी सोड."

"सगळंच एक करून टाकू का?" त्याने विचारलं. "मधली शीव काढतो. दोन्ही शेडी एका वस्तीत."

सून मान हलवणार तोच मी अडवलं. माझ्या जुन्या शेडमध्ये तेव्हा नुकतीच आणलेली पिल्लं होती, बल्बखाली ठेवलेली, कापसाच्या बोळ्यासारखी. तिची डबी ओरडली आणि ती हाक माझ्या शेडमध्ये आली, तर माझे फवारे सुरू होणार. भिजलेलं पिल्लू गारठून मरतं, उन्हाळा असला तरी. म्हणजे तिचे वाचवायला माझी मारायची. शीव हवीच होती.

मग त्याने दुसरी वाट काढली. फवाऱ्यांसाठी डबीने तिकडच्या तिकडे ओरडायचं ते ओरडू दे, पण त्याबरोबर भोंग्याच्या नंबरावर वेगळा, नाव घालून निरोप पाठवायचा. तसा निरोप राउटर अडवत नाही. बराच वेळ तो फोनवर बोटं मारत बसला. भोंग्याच्या आवाजाने माझी पिल्लं दचकून एकमेकांवर चढतील, म्हणून मी भोंग्यावर गोधडी गुंडाळली. सून गरम पाण्याचं भांडं घेऊन पलीकडे गेली. या वेळी डबी जागेवरच तपासायची, घरात नाही, हे तिने ठणकावून सांगितलं होतं. मी पडवीत भोंग्याकडे बघत उभी.

गोधडीतून भोंगा गुरगुरला. मी दोन्ही हात वर केले. पलीकडून सुनेने ओढणी हलवली.

वायरवाला चहा घेऊन निघतच होता, आणि लाइट गेली. थोड्या वेळाने आली. सुनेने परत भांडं उचललं. "आणखी एकदा बघू."

"झालं की आता," तो म्हणाला.

"दादा, बघू."

ती गेली. मी उभी राहिले. वाट बघितली. गोधडी हलली नाही. तिकडे ती ओढणी हलवतेय, म्हणजे विचारतेय, वाजला का? मी हात खालीच ठेवले. ती होती तिथेच मटकन बसली ते मला इतक्या लांबूनही दिसलं.

वायरवाल्याच्या कपाळावर घाम आला. त्याने फोन काढला, बघितलं, आणि स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. लाइट जाऊन आली की घरातली यंत्रं राउटरकडून नव्याने नंबर मागून घेतात. भोंग्याचा जुना नंबर माझ्या फोनला गेला होता, भोंग्याला दुसराच मिळाला होता. डबीचा निरोप इमानाने जुन्या पत्त्यावर जात होता. माझ्या फोनला त्याचं काय कळणार?

"पत्ता बदलणारा माणूस असला की निरोप असाच हरवतो," असं काहीतरी तो पुटपुटला आणि भोंग्याला कायमचा नंबर बांधून दिला, दुसऱ्या कुणाला तो मिळणारच नाही असा. मग आम्ही मुद्दाम लाइटचं बटण पाडलं, चढवलं, परत पाडलं, परत चढवलं. प्रत्येक वेळी गोधडी गुरगुरली. तो निघाला तेव्हा सून म्हणाली, "भोंगा आत नको. बाहेर वळचणीला लावा, तोंड ओहळाकडं. मी खाचरात असले तरी ऐकू यायला पाहिजे." त्याने तसा लावला. गोधडी मी काढून घेतली.

तरी सून शेडमधून हलेना. ऊन वाढत चाललं होतं, आणि गाडी दोन दिवसांवर आली होती. मी जाऊन तिच्यापुढे उभी राहिले. "आज घरात येऊन जेवायचं. ताटावर. नायतर तो भोंगा कशाला लावलास? काढून विकून टाक."

"आई, तुमाला काय? गेले तर माझे जातील."

"माझी तू जाशील," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं ते. ती उठली आणि माझ्या मागोमाग निघाली.

ताट वाढलं. भाकरी, वालाचं बिरडं. ती खात होती, पण कान वळचणीकडे. मी काही बोलायला गेले की हात वर करून थांबवायची. दोन-चार घास झाले असतील. आणि भोंगा कोकलला.

उघडा, गोधडीशिवाय, वळचणीवरून पहिल्यांदाच.  सून खरकट्या हातानेच धावली, मी तिच्या मागे. परत तोच फेज गेला होता. ओहळ ओलांडून आम्ही वर चढलो तोवर पक्षी उभे होते, धापा टाकत होते, पण उभे होते. डोकं चालायच्या आत तिने एक पडदा ओढला, मी लोटा घेतला. तरी शेड केवढी, आणि आम्ही दोघीच. मला वाटलं, लवकर कळून काय उपयोग, हात कुठून आणायचे?

तेवढ्यात वरच्या पाड्याकडून माणसं उतरताना दिसली. पुरुषांच्या खांद्यावर टॉवेल, बायकांचे पदर डोक्यावरून घट्ट ओढलेले, सगळे गंभीर. सगळ्यात पुढे शेरडंवाली.

"कोण गेलं गो?" तिने लांबूनच विचारलं. डोळे भरलेले. "म्हातारी तर नाय..." आणि मी दिसले. "तू हायस?"

"हाय मी! मरायला फुरसत नाय! पडदे ओढा!"

 मग एकजण हसला, आणि सगळे शेडमध्ये घुसले. टॉवेल कमरेला बांधले. एका बाजूला बायका पाणी उडवत, दुसऱ्या बाजूला पुरुष पडदे बांधत, पोरं पक्ष्यांमधून चालत त्यांना उठवत. कोपऱ्यात ढीग व्हायला आला की कुणीतरी तिथे असायचंच. लाइट येईपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

पंखे फिरले तेव्हा सून एकेक रांग चालत गेली. खाली वाकून बघत गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात मोजकेच मेलेले पक्षी होते. तिने ते जमिनीवर ठेवले आणि शेरडंवालीच्या गळ्यात पडून रडली. त्या पहिल्या दिवशीचं रडणंही तेव्हाच निघालं असावं.

शेरडंवाली तिला थोपटत मला म्हणाली, "ओहळापार हाळी मारलीस, बाये. चुकीचं हाय हे."

"मी नाय मारली. भोंग्यानं मारली."

"त्याला सांगून ठेव मग."

पुढे आणखी एक घोळ झाला. मयताला म्हणून घरातून निघालेलं माणूस अंघोळ केल्याशिवाय घरात शिरत नाही. पुरुष म्हणाले, कोणी मेलंच नाही तर अंघोळ कशाची? बायका म्हणाल्या, कोंबड्या मेल्या ना? बराच वाद झाला. शेवटी सुनेने फवारे सोडले आणि सगळी माणसं हसत, ओरडत, शेडच्या बाहेरच्या फवाऱ्याखाली उभी राहिली. तिचं ताट घरी तसंच पडलं होतं. मांजराने बिरडं खाल्लं.

गाडी आली, पक्षी गेले. सुपरवायझरने काही बोलायच्या आधीच सुनेने विचारलं, "पुढची पिल्लं कधी?" त्याने तारीख सांगितली. त्याच संध्याकाळी ती शेड झाडायला लागली. मुलाचा फोन आला तेव्हा तिने फोन खांबाला टेकवून ठेवला आणि भिंतीला चुना मारता मारताच त्याच्याशी बोलली. काय बोलली ते मी ऐकलं नाही, पण मध्येच ती हसली, एवढं ऐकलं. मग मला म्हणाली, "आई, पिल्लांखाली पसरायला तूस कमी पडणार हाय. उद्या मिलवर जाऊ."

भोंग्याचं तोंड आम्ही अजून ओहळाकडेच ठेवलंय. पाड्यातल्या लोकांनी त्याला परवानगी दिली, अट एकच, की आवाज बदलायचा, मयताच्या हाळीसारखा लांबट नको. वायरवाल्याने येऊन तो तोडत तोडत वाजेल असा करून दिला. शेरडंवाली मात्र काही दिसलं की अजूनही बांधावरून वळसा घालून माझ्या दारात येते आणि मलाच सांगते. परवा आली होती, माझी एक शेरडी तुझ्या खाचरात शिरली म्हणून.

"अगो, मग तिकडून हाकलायची ना," मी म्हटलं.

"हाकलली. पण तुला सांगायला नको?"

तिला चहा ठेवला. वर बघितलं, भोंगा गप्प होता. तरी मी सुनेला हाक मारून विचारून घेतलं, पंखे फिरतायत ना गो?